पिवळं झबलं

माकुणसार,
६ ऑक्टोबर २०२४

चि. अपू,

माझे कान सोडले तर बाकी सगळी मी शाबूत हाय, काळजी नको. फोन कानाला लावला की नुसती शिट्टी वाजते. तू काय बोलतेस ते कळत नाय आणि मी उगाच हो हो करत बसते. परवा तू रडत होतीस आणि मी हो हो म्हणत होते, असं तुझ्या नवऱ्याने, मनीषने मागून सांगितलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून आता पत्र. दादूचा भाजीचा टेम्पो बोईसरच्या बाजाराला जातो, त्याच्याकडे देते. उत्तर पण त्याच्याकडेच दे, तो सकाळी नवापूर नाक्यावर असतो.

तू ऑगस्टपासून मशीनला हात लावला नाय म्हणे. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, त्याचं दुःख कोणाला नाय गं? पण तू शाळेत होतीस तेव्हापासून सुट्टीत माझ्या मशीनवर बसायचीस, जेवायला हाका मारून माझा घसा सुकायचा. तुझ्या हाताला काम नसलं की तुझं डोकं तुलाच खातं. आत्याला ठाऊक नसणार तर कोणाला? सोबत उशांच्या अभ्र्यांचं कापड पाठवलंय. सरळ चार टिपा मारायच्या, एवढंच काम हाय. केळीचा घड पण हाय.

मनीषने आणून दिलेलं ते झबल्यांचं गाठोडं मी केळव्याला जाऊन समुद्रात सोडलं. तो विषय संपला, आता मनातून काढ.

इकडे पाऊस जायचं नाव घेत नाय, भात आडवं झालं. आपल्या वाडीत कामाला येते ती चिमी, जिवल्याची बायको, तिला मुलगा झाला. पोराला झोळीत टाकून परत कामावर हजर. मी ओरडले तर हसते.

अभ्रे शिवून पाठव.

तुझी आत्या, चंद्रकांता


बोईसर,
१९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,

केळी पोचली, सगळ्यांनी खाल्ली. अभ्र्यांचं कापड तसंच परत पाठवते आहे. रागावू नकोस.

मशीनवर चादर टाकली आहे आणि चादरीवर धुतलेले कपडे रचते, म्हणजे चादर काढायची वेळच येत नाही. बिल्डिंगमधल्या बायका ब्लाऊज घेऊन आल्या, त्यांना मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. खालच्या मजल्यावरची भाभी तर दर आठवड्याला विचारते, ठीक हुआ क्या? मी नाही म्हणते. खोटं बोलायची आता सवय झाली.

तुला खरं सांगते, बाकी कोणाला सांगवत नाही. पाचवा महिना लागला आणि मला धीर धरवेना. माझ्या सासूबाईंनी, आईंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पोटातल्या लेकरासाठी नवं कापड कापू नये. लेकरू हातात आलं की घरातल्या जुन्या लुगड्याची झबली करायची, त्यांच्या नगरकडे तीच रीत. मी हसले गं. आता कोण मानतं असलं, असं म्हणून त्यांच्यासमोर कापडाला कात्री लावली. पहिलं केलं ते तू दिलेल्या पिवळ्या मलमलीचं, गळ्याला हिरवी पिको, पाठीला बंद. मग हात थांबेचना. टोपडी, दुपटी, झबली, सगळं करून घडी घालून ठेवलं. किती मिरवलं मी ते.

डॉक्टरांनी सांगितलं, नाळेचं काहीतरी झालं, तुमचा काही दोष नाही. मी मान हलवली. शिकलेली आहे ना, मान हलवावीच लागते. पण रोज आईंच्या पानासमोर बसले की एकच वाटतं, त्यांचं ऐकलं असतं तर. त्यांनी त्यावर आजवर एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. त्या गुपचूप भाकरी वाढतात आणि मला घास गिळवत नाही.

आणि याहून वाईट सांगू? परवा बाजारात एका दुकानात निळ्या ठशांचं कापड टांगलेलं दिसलं आणि क्षणात माझ्या डोक्यात त्याचा फ्रॉक कापून तयार. बोटं शिवशिवली. घरी येऊन मोरीत जाऊन रडले. बाळ गेलं आणि हिचं शिवणाचं वेड जात नाही, अशी कसली आई?

समुद्राने घेतलं ना ते गाठोडं? परत किनाऱ्याला लागलं नाही ना? तेवढं लिही.

तुझी अपू


माकुणसार,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अपू,

दिवाळीत आली नायस. मी तांदळाचे पोळे केले होते, वाट बघून बघून शेवटी दादूला दिले. आमची दीपा पालघरहून आली होती तिच्या सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन, तेव्हा तू आली नाय तेच बरं झालं असं पण वाटलं. तुझ्यासमोर कसं काय बोलायचं, मला सुचलं नसतं.

तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. असं काय नसतं गं. कापडाने माणूस मरत नाय. तुझ्या सासूने आपली रीत सांगितली, म्हातारं माणूस सांगायचंच. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मशीन बिघडलंय असं तू बायकांना सांगतेस तर खरंच बिघडेल, तेल न घातलेलं मशीन गंजतं. सोबत तेलाची बाटली आणि चाकाची नवी वादी पाठवतेय. शिवू नकोस हवं तर, पण तेल घाल. चाक नुसतं फिरव.

बाकी इकडचं सांगायचं तर थंडी पडायला लागली. पानवेलीचं काम निघालंय. सुकट आणली ती चांगली निघाली, अर्धी तुला पाठवतेय. जिवल्या दिवाळी झाल्या झाल्या वीटभट्टीवर गेला. चिमी या वर्षी गेली नाय, पोर लहान म्हणून माझ्याकडेच राहिली. पोर मोठं गोड हाय, काळं कुळकुळीत आणि गुटगुटीत. काल उन्हात ओट्यावर ठेवलं होतं. त्या पिवळ्या झबल्याची हिरवी कड तोंडात घालून चोखत होतं, मी बघतच राहिले.

पोलीस ठाण्याजवळचं ते मोठं शिरीषाचं झाड पडलं. वांगी यंदा बरी आलीत.

तुझी आत्या


बोईसर,
२० नोव्हेंबर २०२४

आत्या,

पिवळं झबलं, हिरवी कड.

तू समुद्रात काही सोडलं नाहीस. सरळ सरळ खोटं लिहिलंस मला. मी रोज रात्री डोळे मिटून ते गाठोडं लाटेवरून दूर जाताना बघत होते, तेवढाच काय तो मला आधार होता.

माझं सोड. चिमीला सांगितलंस का, ते कपडे कोणासाठी शिवले होते आणि त्या बाळाचं काय झालं? नसणारच सांगितलं. मग एवढंच विचारते. दीपाचं बाळही त्याच महिन्यातलं. कापडाने माणूस मरत नाही ना? मग ती झबली तू स्वतःच्या नातवाला का नाही घातलीस? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असंच ना?

त्या लेकराला काही झालं तर ते माझ्या हातचं असेल. काढ ते त्याच्या अंगावरून. आजच काढ.

अपेक्षा


माकुणसार,
१६ डिसेंबर २०२४

चि. अपू,

तुझं पत्र आलं त्याला महिना होत आला. मी कागद घेऊन बसायची आणि उठायची.

मी केळव्याला गेले होते ते खरं. रविवार होता ते माझ्या लक्षात नाय राहिलं. मुंबईची माणसं, घोडे, टांगे, पोरं पाण्यात खिदळतायत. सुरूंच्या झाडाखाली गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिले. एकदा सोडून बघितलं. तू गळ्याला केलेली ती पिको, ते बंद, एवढी बारीक टीप. मला काय ते पाण्यात टाकवेना. कापड पण मीच दिलेलं. रीत मला ठाऊक नव्हती असं नाय, आमच्याकडे पण जुन्याचंच करतात. पण तू हौसेने मागितलंस आणि मी दिलं. तुझ्या दोषात माझा वाटा हाय, तेव्हा तो पण पाण्यात बुडवायला गेले असेन.

परत आले तर ओट्यावर चिमी. बाहेर पाऊस, पोराला सिमेंटची गोणी गुंडाळलेली. मी गाठोडं सोडलं आणि दिलं.

आता तू विचारलंस ते. केळव्याला जायच्या आधी दीपा बाळंत झाली तेव्हा मला खरंच आठवण झाली होती गाठोड्याची. मी कपाटापाशी गेले, हात लावला आणि हात मागे घेतला. मनात आलं, नको, कशाला विषाची परीक्षा. चिमीच्या पोराच्या वेळी हात मागे आला नाय. विचारच आला नाय मनात. अपू, तू लिहीपर्यंत मला ते दिसलं पण नव्हतं, आणि आता दिसल्यापासून दुसरं काय दिसत नाय. देवासमोर बसले तरी तेच.

मी चिमीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिने तिथल्या तिथे पोराच्या अंगातलं काढलं, घरी जाऊन बाकीचं आणलं आणि घडी करून ओट्यावर ठेवलं. मी चहा टाकते म्हटलं, ती थांबली नाय. दुसऱ्या दिवशी कामाला आली नाय. शेजारी म्हणाले, पोराला घेऊन जिवल्याकडे भट्टीवर गेली. भट्टी कुठे ती कोणाला नीट सांगता येत नाय. मनोरच्या बाजूला म्हणतात.

थंडी खूप हाय. पोराच्या अंगावर काय असेल, या विचाराने मला गोधडीत झोप लागत नाय. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

चंद्रकांता आत्या


बोईसर,
५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,

तुला काय म्हणू? आधी त्या बाळाच्या अंगावर झबली आहेत म्हणून माझी झोप उडाली होती. आता ती नाहीत म्हणून उडाली. मी तावातावाने पत्र लिहिलं, तू खरं सांगितलंस आणि उघडं पडलं ते पोर. काही केलं तरी माझ्या हातून वाईटच होतं, असं वाटायला लागलंय.

मनीष दोनदा मोटरसायकलवर मनोरकडे जाऊन आला. भट्ट्या पुष्कळ. चिमी आणि जिवल्या एवढ्या दोन नावांवर काय सापडणार? भट्टीवरचा मुकादम उलट त्यालाच विचारायला लागला की तुमचं काय काम आहे. त्याला मनीष काय सांगणार होता?

बिल्डिंगमध्ये संक्रांतीची गडबड चालू आहे. पहिल्या संक्रांतीचं काळं झबलं शिवून दे म्हणून एकजण कापड घेऊन आली. मी दार लावून घेतलं. आईंनी ते बघितलं.

त्या रात्री जेवताना मी आईंना सगळं सांगून टाकलं, गाठोडं, चिमी, सगळं. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मला बोला तरी, असं म्हणाले. त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाल्या, “मनीषच्या आधी माझी दोन गेली. एक पोटात गेलं, एक आठ दिवसांचं होऊन. एकाला पण म्या धडुतं शिवलं नव्हतं.”

आत्या, या घरात मला सहा वर्षं झाली. हे मनीषलाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग एवढे दिवस गप्प का बसलात? तर म्हणाल्या, तुला शिवू नको म्हणाले तेच माझ्या जिभेचं पाप झालं, त्या बोलण्यामुळेच तर नाही ना झालं असं वाटायचं, म्हणून जीभ उचलेना. म्हणजे त्या भाकरी वाढताना स्वतःला दोष देत होत्या आणि मी खाताना स्वतःला. इतके महिने एका ताटापलीकडे बसून.

आम्ही दोघी पुष्कळ रडलो. मनीष सेकंड शिफ्टवरून आला, तर ताटं तशीच पडलेली आणि आम्ही भिंतीला टेकून बसलेल्या.

मी मशीनला तेल घातलं. शिवलं काही नाही. चिमीचा पत्ता लागला तर कळव.

तुझी अपू


माकुणसार,
३० जानेवारी २०२५

चि. अपू,

चिमी आली. आधी हे वाच, मग बाकीचं.

पोराचा डोस राहिला होता म्हणून गावच्या दवाखान्यात आली आणि तिथून माझ्या ओट्यावर. पोर बरं हाय. ठणठणीत हाय. जिवल्याच्या जुन्या शर्टात गुंडाळलेलं, अंगावर विटांची धूळ, पण हाताला वजन लागतं. मी पाया पडायला निघाले होते तिच्या, पण ती मागे सरकली. रागात होती अजून. म्हणाली, “तवाच सांगून दिला असतास तं मीच ठरवला असता, घालाचा का नाय ते. माजा पोर हाय.”

मी म्हटलं, हो.

मग ती बराच वेळ बसली. चहा घेतला. तुझ्याविषयी विचारत होती, केवढी हाय, किती महिन्यांचं गेलं, मुलगा होता की मुलगी. मी सांगितलं. मग आपणहून म्हणाली, ती कापडं कुठे हायत, काढ. मी कपाटातून काढली. तिने त्यातलं पिवळं घेतलं आणि पोराला घालायला लागली. एक हात गेला, दुसरा जाईना. पोर काय कमी नाय, त्याने जोर केला आणि काखेत टर्रकन फाटलं. आणि चिमी हसायला लागली, अपू. पोराकडे बघून हसतेय आणि डोळे पुसतेय.

जाताना म्हणाली, “आता त्याला व्हत नाय. त्या बायला सांग, मोठा शिव. नवा कापूड नको, कोनाचा जुना लुगडा असंल त्याचा. आन तिनाच आनून देवाचा.”

मी माप घ्यायला फीत काढली तर घेऊ देईना, बाळाला फीत लावत नाय म्हणाली. म्हणून फाटकं झबलंच पाठवतेय. यापेक्षा चार बोटं लांब आणि तीन बोटं रुंद, असं तिने हात लावून दाखवलं. तिची बोटं, तुझी नाय. माझ्यापेक्षा जाड हायत. धुतलं नाय मी ते, जसं निघालं तसं दिलंय.

ती आता इथेच राहणार म्हणते, पंधरा तारखेपासून वाडीत येईल. मला माफ केलंन की नाय ते कळत नाय. विचारणार पण नाय मी.

आत्या


बोईसर,
११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

दादूने पिशवी दिली. ती दोन दिवस टेबलावर होती, कोणी उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी उघडली. झबल्याला खोबरेल तेलाचा, धुराचा, फाटलेल्या दुधाचा वास आहे. छातीवर काजळाचं बोट लागलंय. हिरवी कड चोखून चोखून विरली आहे. घडी करून ठेवलं होतं तेव्हा त्याला फक्त नव्या कापडाचा वास होता, तो मला आठवतो. मी काख उजेडात धरून बघितली. माझी टीप तशीच आहे, शेजारचं कापड फाटलंय. बाळ वाढलं म्हणून फाटलं, हे मला समजायला थोडा वेळ लागला.

आईंनी ट्रंकेतून लुगडं काढलं, हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मनीषच्या जन्मानंतर त्यांच्या आईने नेसवलेलं. मी म्हटलं, असू दे, दुसरं बघू. त्यांनी काठ दाताने तोडला आणि उभं फाडून माझ्या मांडीवर टाकलं. मी मशीनवरची चादर काढली.

आत्या, चाक फिरलं आणि मला आनंद झाला. इतके महिने मी ज्याला घाबरत होते ते हेच होतं. पायाखाली तो ताल लागला, सुई चालायला लागली, आणि मला आत कुठेतरी इतकं बरं वाटलं की मी घाबरून थांबले. माझं बाळ नाही आणि मला बरं कसं वाटतंय? आईंनी विचारलं, का थांबली. मी म्हटलं, दोरा तुटला. दोरा तुटला नव्हता, त्यांनाही ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, “मंग ओव पुन्हा.”

मी पुन्हा ओवला. अपराधी वाटायचं थांबलं असं नाही. वाटतंच होतं, आणि शिवतही होते. दोन झबली झाली. आत कापड जास्त सोडलंय, उसवून पावसाळ्यापर्यंत पुरतील. लुगडं अजून उरलंय. खालच्या भाभीला आवाज गेला, ती जिना चढून वर आली. भाभी, मशीन ठीक हो गया? मी हो म्हटलं.

येत्या शनिवारी मी एसटीने येते. चिमीला सांग, झबलं मी आणीन, घालायचं की नाही ते तिने ठरवावं. आईसुद्धा यायचं म्हणतायत, त्यांना जागा कर. फाटलेलं पिवळं मी माझ्याकडे ठेवते आहे, त्याला मी टाका घालणार नाही.

एक गोष्ट काल शिवताना लक्षात आली आणि हात थांबला. कडेला त्याचं नाव काढावं असं मनात आलं, म्हणून तुझी सगळी पत्रं पुन्हा चाळली. चिमीचं पोर, ते पोर, पोर गोड हाय. नाव तू एकदाही लिहिलेलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. माझ्या बाळाला नाव मिळालंच नाही. या बाळाला असणार. आपण दोघी त्याच्या अंगावरच्या कापडासाठी भांडलो, रडलो, त्याला भट्ट्याभट्ट्यांवर शोधलं, आणि त्याचं नाव काय, हे आपल्याला ठाऊक नाही.

तू आता विचारू नकोस. शनिवारी मीच चिमीला विचारते.

तुझी अपू